जेआरडी टाटा : धाडसाला शिस्तीची जोड देणारे वैमानिक

शोळिंगनल्लूर (चेन्नई), १५ ऑक्टोबर : मुंबईहून निघालेले विमान आज सुमारे दोन तासांत चेन्नईच्या मीनंबक्कम विमानतळावर उतरते. तेथून शोळिंगनल्लूरच्या संगणक संकुलांत कामावर जाणाऱ्या मराठी तरुणांना हा प्रवास आता नित्याचा वाटतो. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये याच मार्गावरून टपालाच्या पिशव्या घेऊन नियमित सेवेचे पहिले विमान मद्रासला आले, तेव्हा वैमानिकाजवळ रेडिओ नव्हता आणि वाटेत मार्गदर्शन करणारी यंत्रणाही नव्हती. ही सेवा सुरू करणारे जहांगीर रतनजी दादाभॉय अर्थात जेआरडी टाटा यांचे चरित्र म्हणजे एका अर्थाने भारतीय विमानसुरक्षेच्या जडणघडणीचाच इतिहास आहे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या शेजारी राहत असे. विमानाची ओढ त्यांना तेथेच लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

आगाखान यांनी भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस जाहीर केले. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा तरुण स्पर्धक उलट दिशेने इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पींचे विमान अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला. स्पर्धा अस्पींनी जिंकली आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. सुटे भाग आणि सहकाऱ्याची मदत यांवर वैमानिकाचा जीव किती अवलंबून असतो, याची जाणीव त्या काळातील प्रत्येक उड्डाण करून देत असे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी एक इंजिनाचे पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर आणले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूपासून पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार केला. जुहूची जमीन समुद्राला लागून असल्याने पावसाळ्यात तेथे चिखल आणि पाणी साचे. त्यामुळे पावसाळ्यापुरता मुंबईचा तळ पुण्याला हलवण्यात येई. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेच्या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल अंतर कापले आणि वेळेचे वेळापत्रकही काटेकोरपणे पाळले.

या छोट्या सेवेतून टाटा एअरलाइन्स आणि १९४६ मध्ये एअर इंडिया आकाराला आली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले.

देशांतर्गत चित्र मात्र जेआरडींना चिंताजनक वाटत होते. महायुद्धानंतर उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि सरकारने परवान्यांची खैरात केली. प्रवासी थोडे आणि कंपन्या फार, अशी अवस्था झाली. अशा वेळी सर्वांचाच पाया कच्चा होतो, हे जेआरडी सातत्याने मांडत राहिले. न्यायमूर्ती गणपत सखाराम राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीनेही १९५० मध्ये कंपन्यांची संख्या गरजेपेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष काढला.

१९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेलाही जेआरडींचा विरोध होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करत. कल्पना आकर्षक होती आणि ही सेवा पुढे लोकप्रियही झाली. मात्र रात्रीच्या उड्डाणाला लागणारी साधने पुरेशी नसताना ती सुरू करणे जेआरडींना मान्य नव्हते. या प्रश्नावर दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी त्यांचे जाहीर मतभेद झाले.

इतकी दक्षता घेणाऱ्या माणसाच्या संस्थेलाही अपघात चुकले नाहीत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरत असताना खराब हवामानात माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जणांचा मृत्यू झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाकडेच निघालेले ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर कोसळून ११७ जण ठार झाले. मृतांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. त्यांच्या संशोधन संस्थेच्या उभारणीत जेआरडी प्रारंभापासून सहभागी होते.

कांचनगंगाच्या चौकशीतून पुढे आलेली बाब आजही विचारात घेण्यासारखी आहे. दिशादर्शक यंत्रणेचा एक संच विमानात बंद होता. पर्वत मागे पडल्याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. नियंत्रकाने स्थान कळवले, पण त्याच्या शब्दांचा अर्थ वैमानिकाला नेमका उमगला नाही. यातील कोणतीही एक गोष्ट घडली नसती, तर कदाचित अपघात टळला असता. यंत्र, मानवी अंदाज आणि संवाद या तिन्हींतील उणिवा एकाच क्षणी जुळून आल्या. विमान वाहतुकीतील बहुतेक दुर्घटनांची मांडणी अशीच असते. म्हणूनच एकट्या वैमानिकाला दोष देऊन सुरक्षितता वाढत नाही.

१९५३ मध्ये विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी जेआरडी एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. या पदासाठी त्यांनी वेतन घेतले नाही. प्रवासात ते पडद्यांच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत साऱ्याची टिपणे काढत आणि ती संबंधितांकडे पाठवत. लहान गोष्टींकडे दुर्लक्ष करण्याची सवय संस्थेला लागू नये, असा त्यांचा कटाक्ष असे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे जंबोजेट सांताक्रूझहून उड्डाण करताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांना प्राण गमवावे लागले. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते आणि समोर क्षितिज न दिसणारा काळोखा समुद्र होता. दुसऱ्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. पाव शतकाचा तो कार्यकाळ शोकाच्या छायेत संपला.

त्यांनी विमान सोडले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हामध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेची दोन विमाने पोहोचू शकली नव्हती, ते हेच शहर.

जेआरडींच्या धाडसाच्या कथा नेहमी सांगितल्या जातात. पावसाळ्यात तळ हलवणे, अपुऱ्या साधनांनिशी उडण्यास नकार देणे, किरकोळ त्रुटीही नोंदवून ठेवणे या त्यांच्या सवयींची चर्चा तुलनेने कमी होते. मुंबई-चेन्नई प्रवास आज निर्धास्तपणे करता येतो, त्यामागे अशा सवयींचा वाटा धाडसाहून मोठा आहे.