रमाबाई रानडे

सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांचे घराणे होते. हे गाव आता सांगली जिल्ह्यात मोडते. या घराण्यात २५ जानेवारी १८६२ रोजी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु मुलीच्या हाती पाटी देण्याची रीत त्या काळी नव्हती. मुलगी शिकली तर घरावर काही तरी अरिष्ट येते, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळे अकरा वर्षांची होईपर्यंत यमुनेला अक्षरओळखही झाली नाही.

१८७३ साली तिचे लग्न ठरले. वर होते पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे. त्यांचे वय एकतीस वर्षांचे. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. रानडे हे विधवांच्या पुनर्विवाहाचे कैवारी होते. आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील, या धास्तीने त्यांच्या वडिलांनी घाईने हे लग्न जुळवले. वडिलांचा शब्द मोडणे रानड्यांना जमले नाही. ज्या बालविवाहाविरुद्ध ते बोलत, तोच त्यांच्या घरी झाला. लोकांनी त्यांना त्याबद्दल पुष्कळ नावे ठेवली, आणि त्या टीकेत तथ्य होते.

सासरी यमुनेची रमा झाली. झालेली गोष्ट बदलणे शक्य नव्हते, म्हणून रानड्यांनी निदान या मुलीला शिकवून शहाणी करावयाचे ठरवले. लग्नानंतर लगेच त्यांनी तिच्या हातात पाटी दिली आणि मुळाक्षरे गिरवण्यास लावली. दिवसभर कचेरीचे काम करून आलेले रानडे रात्री पत्नीचा धडा घेत. मराठी झाले, गणित झाले, इतिहास आणि भूगोल झाला. मग इंग्रजीही सुरू झाले.

रानड्यांच्या वाड्यात सासू, नणंद आणि इतर नात्यांतल्या अशा अनेक वडीलधाऱ्या स्त्रिया राहत होत्या. नव्या सुनेने पुस्तक घेऊन बसावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. त्या उघड विरोध करीत नसत, कारण रानड्यांपुढे बोलण्याची सोय नव्हती. सारा राग रमाबाईंवर निघे. दिवसभर टोमणे ऐकावे लागत. कधी कधी घरात कोणी त्यांच्याशी बोलतही नसे. इंग्रजी शिकवण्यास एक गोऱ्या बाई येत. त्यांना शिवल्याचा विटाळ झाला म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंना स्नान करावे लागे, मग दिवस थंडीचे का असेनात. एका बाजूस पतीची इच्छा आणि दुसऱ्या बाजूस घरातील थोरांचा मान, अशा कात्रीत ही मुलगी वाढत होती. तिने उलट उत्तर दिले नाही आणि धडाही चुकवला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे किती कठीण, हे ज्याने करून पाहिले असेल त्यालाच कळेल.

रानड्यांची बदली होई तेथे रमाबाईही जात. नाशिक येथे एका शाळेच्या समारंभात त्यांनी पहिले जाहीर भाषण केले. ते पतीने लिहून दिले होते. पुढे मात्र त्या मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत स्वतः उत्तम बोलू लागल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांना नियमाने जाऊ लागल्या. थोड्याच दिवसांत पुण्यात मुलींचे हायस्कूल असावे, अशी मागणी पुढे आली. त्यासाठी भरलेल्या सभेत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवले. पुरुषांनी भरलेल्या सभेत एका हिंदू घरातील सुनेने उभे राहून इंग्रजीत बोलावे, ही गोष्ट शहरात नवलाची झाली आणि वाड्यात रोषाची. १८८४ साली ती शाळा सुरू झाली. तीच हुजूरपागा.

१८८६ साली सरकारी कामानिमित्त रानडे कलकत्त्यास गेले. तेथे रमाबाईंनी बंगाली शिकावे, असे त्यांच्या मनात आले. पण ती भाषा त्यांना स्वतःलाच येत नव्हती. तेव्हा दाढी करण्यास येणाऱ्या न्हाव्यापाशी बसून, अडलेला शब्द त्यास विचारून, ते बंगाली वाचू लागले. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्यास गुरू करतो, हे पाहून रमाबाईंना हसू आले. त्यावर रानड्यांनी त्यांना चोवीस गुरू करणाऱ्या दत्तात्रेयांची आठवण दिली. रमाबाई बंगाली शिकल्या.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. येथे रमाबाईंनी स्त्रियांचे एक मंडळ चालवले. त्यात भाषा, सामान्यज्ञान आणि शिवणकाम शिकवले जाई. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानड्यांचे निधन झाले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्यास परतल्या. ज्यांच्यामुळे त्या शिकल्या ते आता नव्हते, आणि विधवेने घराबाहेर पडू नये असे समाज म्हणत होता. काही काळ त्या वाड्याच्या एका कोपऱ्यात राहिल्या.

मग त्या बाहेर पडल्या, आणि प्रथम गेल्या त्या जेथे कोणी जात नसे तेथे. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटण्यास त्या जाऊ लागल्या. सुधारगृहातल्या मुलांना सणावारी खाऊ नेत. रुग्णालयांतील रोग्यांसाठी फळे, फुले आणि पुस्तके नेत. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा त्याच होत्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोन गृहस्थांनी मुंबईत सेवासदन काढले. स्त्रियांना शिकवून समाजसेवेस तयार करावे, हा त्यामागचा हेतू. त्यांनी रमाबाईंना संस्थेच्या अध्यक्षा होण्याची विनंती केली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यासही सेवासदन सुरू झाले. त्यासाठी जागा शोधावी लागली नाही. रमाबाईंनी स्वतःचा वाडाच दिला. ज्या वाड्यात पुस्तक हाती धरल्याबद्दल त्यांना टोमणे खावे लागले, त्याच वाड्यात आता स्त्रियांचे वर्ग भरू लागले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामी त्यांचे मोठे साहाय्यक होते.

अशा संस्थेची गरज का होती, हे समजण्यास त्या काळच्या शहरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घरात एखादी तरुण विधवा असे. तिला लिहिता येत नसे, हाताला कसब नसे, स्वतःचा पैसा नसे. दिराच्या किंवा भावाच्या घरी राबावे आणि मिळेल ते खावे, एवढेच तिचे जगणे. सधवा स्त्रीची स्थितीही फार निराळी नव्हती. नवरा आजारी पडला किंवा नोकरी गेली की सारे घर उघड्यावर येई. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्यास विधवांसाठी आश्रम चालवला होता. परंतु घर सोडून आश्रमात राहणे सर्वांनाच शक्य नव्हते. सेवासदन भर शहरात होते. घरी राहून तेथे यावे, शिकावे आणि संध्याकाळी परत जावे, अशी सोय त्यात होती. लेखन-वाचन, शिवण, भरतकाम, प्रथमोपचार असे विषय तेथे शिकता येत. पुढे शिक्षिका तयार करणारे अध्यापन विद्यालय निघाले आणि बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृहेही झाली.

सर्वांत कठीण गेले ते परिचारिकांचे काम. रोग्याची शुश्रूषा करणे हे त्या वेळी हलके काम समजले जाई. परक्या माणसास शिवावयाचे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे अंग पुसावयाचे, रात्री घराबाहेर राहावयाचे, हे कोणत्या घरातील वडील मान्य करतील? रमाबाई घरोघरी मने वळवीत राहिल्या. अखेर १९११ पासून सेवासदनाच्या विद्यार्थिनी पुण्याच्या ससून रुग्णालयात शिकण्यास जाऊ लागल्या. लोकांचा रमाबाईंवर विश्वास होता, म्हणूनच हे घडले. लुगडे, बोलणे, देवधर्म या साऱ्यांत त्या जुन्या वळणाच्याच राहिल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या हाती मुलगी सोपवण्यास आईबापांना भय वाटत नसे. सासरच्या वाड्यात त्यांनी जे सोसले, ते येथे उपयोगी पडले असे म्हणावयास हरकत नाही.

१९१० साली त्यांनी पतीच्या सहवासातील आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. अकरा वर्षांपर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या स्त्रीचे हे पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. १९१३ साली गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मदतीस तिकडे गेल्या. पुढे पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा विचार निघाला, पण तो केवळ मुलांपुरता. रमाबाईंनी स्त्रियांना एकत्र करून, ही सक्ती मुलींसाठीही हवी, असा आग्रह धरला. १९२१ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या.

उतारवयात प्रकृती साथ देत नव्हती. तरीही आषाढी आणि कार्तिकीच्या जत्रेस त्या सेवासदनातील स्वयंसेविकांना घेऊन आळंदीस जात. गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या वारकरी बायांची त्या विचारपूस करीत, त्यांना आसरा देत. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात एक हजारांहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.