कै. वसंतरावजी नाईक आणि लोकांचे आरोग्य

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाना, डॉक्टर आणि औषधाची बाटली उभी राहते. परंतु ज्या घरी दोन वेळची भाकर नाही, पिण्याचे पाणी गढूळ आहे आणि हाताला काम नाही, त्या घरी ती बाटली काय करणार? कै. वसंतरावजी नाईक यांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या कारभारामुळे गोरगरिबांच्या पोटात काय पडले, या अंगाने त्यांचे चरित्र आम्ही येथे समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

वसंतरावजींचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे नाईक. त्या काळी तांड्यावरील मुलाने शिकावयाचे म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी पायपीट करावयाची. अशा रीतीने शिकत ते नागपूरला पोचले, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९४० साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ काम करून त्यांनी पुसदला वकिली थाटली. १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. जातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट आवर्जून लिहिली पाहिजे असे आम्हांस वाटते.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. नगरपालिकेच्या कारभारात मोठमोठी तत्त्वे चालत नाहीत. नळ, गटार, कचरा आणि दिवाबत्ती यांचीच गाऱ्हाणी रोज ऐकावी लागतात. पुढे १९५२ साली ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले व उपमंत्री झाले. द्वैभाषिकात त्यांनी सहकार व शेती ही खाती सांभाळली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते महसूलमंत्री झाले.

याच सुमारास त्यांच्या हातून जे कार्य घडले, ते आमच्या मते त्यांच्या सर्व कार्यांत टिकाऊ होय. १९६० साली लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. देशात अन्यत्र तालुका पातळीवर भर देण्याचा विचार प्रबळ असता, या समितीने जिल्हा हाच कारभाराचा मुख्य घटक मानला. त्यानुसार १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, आरोग्यकेंद्र, गावचे पिण्याचे पाणी, रस्ते, शेतीचा प्रसार ही सर्व कामे एका छपराखाली आली. शाळेत खोकणारे पोर, त्याच्या गावची विहीर आणि त्या गावाला येणारी नर्स यांचा विचार एकाच सभेत करता येऊ लागला. तसा तो नेहमी केला जातो असे नाही, हा भाग निराळा!

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. तो धान्यटंचाईचा काळ. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपणास फाशी द्यावे, असे त्यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर सांगितले. दोन वर्षांत ते पुरते साधले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु संकरित ज्वारी खेडोपाडी पोचली ती त्यांच्याच आग्रहाने. त्या ज्वारीच्या भाकरीला गावरान गोडी नाही, कणसे पावसात सापडली की दाणा काळा पडतो, अशी कुरकुर म्हातारी माणसे करीत व ती खरीही होती. तरीपण कणगी भरली. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चारही कृषिविद्यापीठे त्यांच्याच कारकीर्दीत निघाली. अकोल्याच्या विद्यापीठासाठी मात्र १९६७ साली आंदोलन होऊन तरुणांचे बळी गेले. मुख्यमंत्री विदर्भाचे असता ही वेळ यावयास नको होती.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. तिच्या पदराला बांधून आलेल्या सुकडीवर आम्ही भावंडे तुटून पडत असू. लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे, पण ती होती म्हणून आम्ही आहोत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते अशी ती कामे. पूर्वीच्या दुष्काळांत उपासमारीमागोमाग पटकी येई आणि तांडेच्या तांडे उठत; या वेळी मजुरी, धान्य आणि पाणी यांची सांगड घातल्याने मोठी प्राणहानी टळली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना याच काळात राज्यभर सुरू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली संसदेने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

एक गोष्ट आम्हांस खटकते. त्यांच्या राजवटीत दारूबंदी सैल झाली. चोरटी दारू विषारी असते हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. पण एका खात्याने भरलेली कणगी दुसऱ्या खात्याच्या गुत्त्यात रिकामी झालेली आम्ही अनेक घरी पाहिली.

१९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. आपले खासदार असतानाच १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे वाशीम जिल्हा निर्माण झाला तो १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे त्यांच्याच जन्मदिनी. तो दिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तांड्यावरील शाळांतून त्यांच्या प्रतिमेस हार घातला जातो. दिवाळी सरली की त्याच शाळांतील कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांची शाळेची हजेरी तुटते, धाकट्याची लस चुकते आणि फडावरील पाणी जसे मिळेल तसे प्यावे लागते. शिक्षण, आरोग्य, सहकार व मजूर अशी चार खाती यात येतात. ही चारही खाती एका सभेत बसवावी, असे निवेदन यंदा आपल्या संस्थेने जिल्हा परिषदेस द्यावे, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.