धर्मानंद कोसंबी : विद्येसाठी देश पालथा घालणारा पंडित

मुलगा कॉलेजात पाली, इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेतो म्हणाला की, यात पोट कसे भरणार, असे आपण विचारतो. अशा वेळी धर्मानंद कोसंबी आठवा.

गोव्यातील साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने त्यांना ओढ लावली. 1899 साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, श्रीलंकेत पाली शिकून श्रामणेर झाले. पुढे कलकत्त्याचा मोठा पगार सोडून महाराष्ट्रात काम करण्यासाठी सयाजीराव महाराजांचे दरमहा 50 रुपये पत्करले. 1912 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाचे संपादन केले. परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा केला. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला ते गेले.

आज आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. शिकण्यासाठी काशी गाठावी लागत नाही. तेव्हा मुलाची, मुलीची वाट अडवू नका. आपला धम्म आपल्याच लेकरांनी मुळातून वाचला पाहिजे; नाहीतर दुसरे सांगतील तोच धम्म आपल्याला मानावा लागेल.