उकिरड्याचे सोने

पीक कापून घरी आले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले, असे आपणांस वाटते. परंतु ज्वारीच्या कणसाबरोबर, गव्हाच्या ओंबीबरोबर आणि कापसाच्या बोंडाबरोबर जमिनीचाही काही अंश घरी आलेला असतो. नत्र, स्फुरद, पालाश, चुना अशी कितीतरी द्रव्ये झाडाने आपल्या मुळांवाटे मातीतून उचललेली असतात. ती पुन्हा मातीत पोचली नाहीत, तर जमीन वर्षानुवर्षे देत राहते आणि हळूहळू निकस होते. रानातील झाडांना कोणी खत घालीत नाही; तरी रानाची जमीन थकत नाही, कारण तेथे गळलेले पान तेथेच कुजते. शेतातून मात्र माणूस उचलून नेतो. मातीकडून घेतलेले मातीला परत कसे करावे, ह्या प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर ध्यास घेतला आणि ज्यांना त्याचे उत्तर इंदूरच्या काळ्या शिवारात सापडले, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर आल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड ह्यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील बिशप्स कॅसल ह्या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन व केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले. उसावर व इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करावयाचा, हे तेथे त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते रोग ओळखीत आणि शेतकऱ्यांना उपाय सांगत. पण सांगितलेला उपाय स्वतः करून पाहण्यास त्यांच्यापाशी वावभर जमीन नव्हती. शेतकऱ्याच्या ह्या मुलाला ते फार खटकू लागले. स्वतः न पिकविता दुसऱ्यास पिकविण्याचे ज्ञान देणे त्यांच्या मनाला पटेना.

१९०५ साली बिहारमधील पुसा येथे नव्याने निघालेल्या शेतकी संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई ह्या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि झाडाच्या पानात अन्न कसे तयार होते ह्यावर त्यांनी केंब्रिजला मोलाचे संशोधन केले होते. पुढील पंचवीस वर्षे ह्या पतिपत्नींनी एकत्र काम केले. दोघांच्या नावांवर असलेले शोधनिबंध पाहिले, तर कोणता विचार कोणाचा हे निवडणे कठीण जाते. पुसा ४, पुसा १२ अशा गव्हाच्या सुधारलेल्या जाती त्यांनी सिद्ध केल्या आणि उत्तर हिंदुस्थानात त्या दूरवर पेरल्या जाऊ लागल्या.

पुसा येथे हॉवर्डांना अखेर जमीन मिळाली. त्यांनी आजूबाजूची शेते पाहावयास सुरुवात केली आणि त्यांना आश्चर्य वाटले. तेथील शेतकरी कोणतेही औषध फवारीत नव्हते, तरी त्यांची पिके बहुधा निरोगी असत. शिकविण्यास आलेला हा साहेब मग त्या निरक्षर शेतकऱ्यांचा शिष्य झाला. किडींनाही त्यांनी गुरू मानले. कारण कीड पडली म्हणजे जमिनीत किंवा मशागतीत कोठेतरी उणे आहे, अशी त्यांची धारणा होती. सकस जमिनीवरील वैरण खाणाऱ्या आपल्या बैलांना लाळ-खुरकताचा रोग झाला नाही, असेही त्यांनी नमूद करून ठेवले आहे. एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष आजचे पशुवैद्य मान्य करणार नाहीत. जनावरांना लस टोचलीच पाहिजे. हॉवर्डांचा स्वतःच्या अनुभवावर विश्वास मोठा होता आणि कधीकधी तो त्यांना पुराव्याच्याही पुढे घेऊन जाई.

उन्हाळ्यात हे दांपत्य आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा येथे काम करीत असे. तो मुलूख कोरडा. शेती कालव्यांच्या पाण्यावर. पाणी जितके अधिक तितके पीक जोमदार, असा तेथे समज होता. हॉवर्डांनी दाखवून दिले, की पेरणीपूर्वी एकदा भरपूर पाणी देऊन ओल नीट जपली, तर गव्हाचे पीक चांगले येते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. जमिनीत सतत पाणी साचले म्हणजे मातीच्या कणांतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि मातीतील उपकारक जंतूंचेही काम मंदावते. पुढे इंदुरास त्यांना ह्याच ज्ञानाचा उपयोग झाला.

पुसा येथे मात्र त्यांचे मन रमेना. बुरशीचा विभाग वेगळा, किडींचा वेगळा, रसायनाचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या प्रांतात पाऊल टाकावयाचे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीविषयी बोलावे, हे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. पण झाड, माती, पाणी, जनावर आणि माणूस ही एकाच चक्राची अंगे आहेत, अशी हॉवर्डांची खात्री झाली होती. म्हणून त्यांनी निराळ्या संस्थेचा ध्यास घेतला. होळकरांच्या इंदूर संस्थानाने सुमारे ३०० एकर जमीन दिली, कापसाच्या मध्यवर्ती समितीने पैसा दिला, आणि १९२४ मध्ये तेथे वनस्पति-संशोधन संस्था सुरू झाली.

संस्था मुख्यतः कापसासाठी होती. परंतु जमिनीतच कस नसेल, तर बियाणे सुधारून काय होणार? माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते व उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पावसाचे पाणी साचू नये म्हणून हॉवर्डांनी शेतांना बेताचा उतार दिला व चर काढले. राहिला खताचा प्रश्न. सरपण मिळत नसल्याने शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालीत. शेतकऱ्याला त्याचा दोष कसा द्यावा? चूल तर पेटलीच पाहिजे! तेव्हा उरलेल्या थोड्या शेणातून पुष्कळ खत करता येईल काय, ह्याचा शोध त्यांनी सुरू केला. चीन, कोरिया व जपान येथील शेतकरी काडीकचरा कुजवून शतकानुशतके जमिनीचा कस राखीत आले आहेत, हे त्यांनी किंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ग्रंथात वाचले होते.

इंदूरच्या शिवारात पऱ्हाट्या, तुरीची खुंटे, तण, पालापाचोळा ह्यांची कमतरता नव्हती. पऱ्हाट्या कठीण, त्या सहज कुजत नाहीत. हॉवर्डांनी त्या रस्त्यावर पसरल्या. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा आपोआप चुरा झाला. हा कचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरीत. शेण व मूत्र ह्यांनी भिजला, म्हणजे तो सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थरांनी रचीत. त्यावर शेणाचा काला, राख आणि गोठ्यातील मूत्र मुरलेली माती शिंपडीत. ह्यात मोठे मर्म आहे. वाळक्या काड्यांत नत्र फार थोडे असते आणि नत्रावाचून कुजविणारे जंतू वाढत नाहीत. ते नत्र शेण व मूत्र पुरवितात. राख आंबटपणा मोडते. जंतूंना हवा व ओलही हवी. म्हणून ढीग तुडवावयाचा नाही, पाणी बेताने द्यावयाचे आणि तीन वेळा खालीवर करावयाचे. काही दिवसांतच ढीग इतका तापे, की आत हात घालवत नसे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरते, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवरच रचीत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. हॉवर्डांनी ते तीन महिन्यांत फेडले! काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होऊ लागले. ह्या कृतीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ‘इंदूर पद्धती’ असेच म्हटले.

१९३० साली गॅब्रिएल ह्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी हॉवर्डांनी हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी, १९३१ मध्ये, ह्या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. इंदूरच्या संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड हे त्याचे सहलेखक होते. खड्ड्यांतील प्रत्येक बदलाच्या नोंदींमागे वाडांचे परिश्रम आहेत. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी हे काम मुद्दाम पाहिले आणि ‘हरिजन’ पत्रातून त्याची माहिती देशभर पोचली. केनियातील कॉफीच्या मळ्यांत व आसामातील चहाच्या बागांतही ही पद्धती गेली.

इंग्लंडात हॉवर्डांना १९३४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, तसे विरोधकही पुष्कळ मिळाले. पहिल्या महायुद्धात स्फोटक द्रव्यांसाठी नत्र तयार करणारे कारखाने युद्धानंतर खते करू लागले होते. पोत्यातील खताने पीक वाढते, पण मातीतील सेंद्रिय अंश भरून येत नाही, असे हॉवर्ड निक्षून सांगत. रासायनिक खते मुळीच नकोत, इथपर्यंत ते गेले. तेथे त्यांचे मत एकांगी झाले, असे म्हणावे लागते. अधिक उत्पन्न देणाऱ्या जातींना लागणारे सर्व अन्न केवळ कंपोस्टातून पुरविणे पुढे अवघड ठरले, आणि आज कृषिशास्त्रज्ञ माती तपासून दोन्ही खतांचा मेळ घालावयास सांगतात. मात्र सेंद्रिय अंश गमावलेली जमीन पाणी धरून ठेवीत नाही आणि दिलेले खतही वाया घालविते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले आहे.

१९४० साली त्यांचा शेतीवरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ निघाला. तो त्यांनी दिवंगत गॅब्रिएलला अर्पण केला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड निवर्तले. इंदूरच्या त्या आवारात पुढे शेतकी महाविद्यालय उभे राहिले.