सम्राज्ञी युजेनी : एक टियारा, एक कंठहार

फ्रान्सची अखेरची सम्राज्ञी युजेनी हिचा जन्म ५ मे १८२६ रोजी स्पेनमधील ग्रानाडा येथे झाला. ३० जानेवारी १८५३ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम येथे सम्राट तिसरा नेपोलियन याच्याशी तिचा धर्मविवाह झाला. त्यानिमित्त रत्नकार लमोनिए याने राजकोशातील मोती घेऊन तिच्यासाठी टियारा हे शिरोभूषण घडविले. त्यात २१२ मोती व सुमारे २००० हिरे होते.

युजेनीला अलंकारांची हौस नव्हती असे नाही. तथापि पॅरिस नगरपालिकेने ६ लक्ष फ्रँकांचा रत्नहार देऊ केला, तेव्हा तो नाकारून तिने ती रक्कम निर्धन मुलींच्या शिक्षणाकडे वळविली. त्यातून उभारलेल्या विद्यागृहाचा आराखडा वास्तुशिल्पी हित्तॉर्फ याने कंठहाराच्याच आकाराचा केला.

सप्टेंबर १८७० मध्ये साम्राज्य कोसळले व युजेनीने इंग्लंडचा आश्रय घेतला. १८७३ मध्ये पती निवर्तला. १८७९ मध्ये एकुलता एक पुत्र आफ्रिकेतील झुलू युद्धात मारला गेला. १८८७ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने राजरत्नांचा लिलाव पुकारला आणि टियाराही विकला गेला. ११ जुलै १९२० रोजी माद्रिद येथे, वयाच्या ९५ व्या वर्षी, युजेनीचे देहावसान झाले.

१९९२ मध्ये लूव्र संग्रहालयाने तो टियारा मिळविला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथूनच तो चोरीस गेला. जो हार तिने कधी गळ्यात घातला नाही, त्याची वास्तू मात्र पॅरिसमध्ये उभी आहे.