ह्यूम यांची हरवलेली नोंदवही

राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, त्यामागे मुख्यतः त्यांचीच खटपट होती. परंतु त्याच वर्षी त्यांनी आयुष्यातील दुसऱ्या, तितक्याच मोठ्या कार्याचा निरोप घेतला, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले. त्यांनी जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह १८५७ च्या उठावात नष्ट झाला. त्यांनी पुन्हा आरंभ केला. सरकारी कामानिमित्त भ्रमंती करताना ते नोंदी घेत. पण एवढा विस्तीर्ण देश एकट्याने पाहून होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ठिकठिकाणचे अधिकारी, डॉक्टर आणि लष्करी मंडळी यांना पत्रे लिहून त्यांनी या कामास जुंपले. कोणता पक्षी, कोठे आणि केव्हा दिसला, हा तपशील त्यांनी १८७२ साली सुरू केलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागला.

या साऱ्याचे सार एका बृहद्ग्रंथात आणावयाचे होते. परंतु एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना कोणा नोकराने हस्तलिखितांचे भारे चोरून रद्दीच्या भावाने विकले. सुमारे ७०० जातींची माहिती त्यांत होती. बाजाराने कागदाची किंमत केली. ज्ञानाची करणे त्याला शक्यच नव्हते. खचलेल्या ह्यूम यांनी सुमारे ८२,००० कातडी व अंडी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या श्रमांचे मोल पुढे खानदेशात कळून आले. १८७३ मध्ये ह्यूम यांनी रानपिंगळ्याचे प्रथम वर्णन केले होते. १८८४ नंतर मात्र त्याची विश्वसनीय नोंद उरली नाही. त्यातच रिचर्ड माइनर्ट्झहागेन या संग्राहकाने म्युझियममधील जुना नमुना चोरून, तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची खोटी चिठ्ठी त्यावर लावली आणि शोधकांची दिशाभूल झाली. ही लबाडी उघड झाल्यावर पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांची चुकामूक संपली.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांकडे गावोगावची लोकनोंदवही ठेवण्याचे काम सोपविले आहे. ती केवळ कागदी पूर्तता ठरता कामा नये. दुर्मीळ जीव कोठे उरला आहे हेच ठाऊक नसेल, तर धरण, खाण वा रस्ता आखताना त्याची हानी हिशेबात धरली जाणार तरी कशी? एका खोट्या चिठ्ठीने शोध भरकटतो आणि एका खऱ्या चिठ्ठीने शतकानंतरही वाट सापडते. ह्यूम यांच्या आयुष्याचा हा धडा नोंदवही भरणाऱ्या प्रत्येक कारकुनाने, शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावा.