शांततेच्या सभेतला सेनानी

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. भांडण मिटवायचे तर दोन्हीकडच्या मुख्य माणसांनी एकत्र बसावे, की झाले, असे माझे वडील मानतात. मलाही तसेच वाटे. राज्यशास्त्राच्या तासाला यित्झाक राबिन यांचे नाव ऐकले, ग्रंथालयात त्यांचे चरित्र वाचले, आणि हा समज अपुरा असल्याचे ध्यानात आले.

राबिन यांचा जन्म १ मार्च १९२२ रोजी जेरुसलेम येथे झाला. शेतकी शाळेत शिकलेल्या या हुशार मुलाला पाण्याचा अभियंता व्हायचे होते. पण हाती बंदूक आली. १९४८ च्या युद्धात लिद्द व रामला येथील हजारो पॅलेस्टिनींना घराबाहेर काढण्याच्या आदेशावर त्यांची सही होती. १९६७ च्या युद्धात ते लष्करप्रमुख होते. त्या युद्धात वेस्ट बँक व गाझा इस्राएलच्या ताब्यात आले. १९७४ ते १९७७ ते पंतप्रधान होते. डिसेंबर १९८७ मध्ये पॅलेस्टिनी जनतेचा उठाव सुरू झाला, तेव्हा संरक्षणमंत्री या नात्याने त्यांनी तो निर्दयपणे दडपू पाहिला. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकू नयेत असे मला वाटते. कारण हा उठाव लष्कराच्या बळावर शमणार नाही, हे राबिन यांना त्याच काळात उमगले.

१९९२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. नॉर्वेच्या मध्यस्थीने गुप्त वाटाघाटी झाल्या. इस्राएलने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी मानले, तर संघटनेने इस्राएलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले. १९९४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या दोघांना शिमॉन पेरेस यांच्यासह मिळाले.

परंतु नेत्यांनी हात मिळवले तरी समाजांची मने कोठे जुळली होती? फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू माथेफिरूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार केले. हमासच्या आत्मघातकी हल्ल्यांनी इस्राएलच्या बसगाड्या रक्ताने माखल्या. ज्यू वसाहती वाढतच राहिल्याने पॅलेस्टिनींचा विश्वासही डळमळला. ऑक्टोबर १९९५ मध्ये दुसरा करार इस्राएलच्या संसदेत ६१ विरुद्ध ५९ मतांनी कसाबसा तरला. विरोधकांच्या मोर्चांनी रस्ते दणाणत होते. तडजोड हवी असणारे लोकही पुष्कळ होते, पण त्यांचा आवाज त्या मानाने क्षीण होता.

तो आवाज उठावा म्हणून ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीव येथे सभा भरली. लोक येतील की नाही, याची राबिन यांना शंका होती. आले एक लाखाहून अधिक! अबोल स्वभावाचे राबिन त्या रात्री लोकांबरोबर शांततेचे गीत गायले आणि गीताचा कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. सभेनंतर मोटारीकडे जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो कागद त्यांच्याच रक्ताने भिजला.

मारेकरी शत्रुपक्षाचा नव्हता. तो २५ वर्षांचा ज्यू तरुण, विद्यापीठात कायदा शिकणारा विद्यार्थी होता. मित्रहो, हे वाचून मी पुस्तक मिटले. शिकला की माणूस शहाणा होतो, या एका विश्वासावर वडिलांनी मला येथे धाडले आहे. सुट्टीत घरी गेल्यावर ही हकीकत त्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

१९९६ च्या निवडणुकीत पेरेस एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. २००० मधील वाटाघाटी फिसकटल्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसे मेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो पॅलेस्टिनी, त्यांत कितीतरी मुले, मृत्युमुखी पडली.

राबिन जगते तर शांतता नांदली असती, असे मी म्हणणार नाही. पण त्या चौकातले लाखभर लोक दोन वर्षे आधी बाहेर पडले असते, आणि पलीकडच्या बाजूलाही तशीच गर्दी जमली असती, तर? करारावर सही पुढारी करतात. तो टिकवायचा मात्र तुमच्याआमच्यासारख्या सामान्यांनी. वडिलांना मी एवढेच सांगितले, की मुख्य माणसे बसली तरी भावकीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे लागते. ते त्यांना पटले.